मेणाची पाच हृदयं

३ मे १९९४, साल्वादोर

डॉक्टर एव्हान्द्रोंनी आज कागदावर चित्रच काढलं. माझ्या हृदयाला आतून साल धरलीय — जाड, पांढरी. म्हणून पोटात पाणी, पायांना सूज. छाती उघडून ती सोलायची, झडप बदलायची. दुर्मीळ आजार म्हणे. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच कुणी मला दुर्मीळ म्हटलं!

"अशी किती जणं सोललीत?"

"एकवीस. बारा ठणठणीत आहेत. चार गेली."

"आणि उरलेली पाच?"

"घरी गेली ती फिरकलीच नाहीत. पत्रं परत येतात."

जिवंत की मेलेली? हे कळल्याशिवाय मी सही करणार नाही.

४ मे

नर्स मारिलुसीने नावं दिली. पाचही आमच्याच भागातली. म्हणाली, "शोध बाई, सापडली तर मलाही कळव."

९ मे

घरी. धाकटी झेनिल्दा म्हणते, "ताई, चौकशा पुरे, संताला नवस बोल." बोलले. बरी झाले तर मेणाचं हृदय वाहीन. मग डोक्यात आलं — त्या पाचांनीही बोललाच असणार. आमच्याकडे नवसाशिवाय दातसुद्धा कुणी काढत नाही.

१५ मे

डोंगरावरच्या चर्चमधली नवसाची खोली. तीनदा बसत, धापा टाकत चढले. छताला मेणाचे हात, पाय, डोकी. हृदयंच शंभरावर, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी. झेनिल्दा शिडीवर, मी खालून नावं सांगतेय. पाद्री वैतागले, "बायांनो, बाजार आहे का हा?"

दुपारपर्यंत पाचही सापडली. म्हणजे बरी झाली, नवस फेडला! संताला सांगितल्यावर डॉक्टरला कोण सांगत बसतंय? तिथेच बसून रडले.

१७ मे

सही केली. ऑपरेशन पंचवीसला.

२१ मे

त्या पाचांतली जुसिलेइद जवळच राहते. किती दुखतं, विचारायला गेले. दार तिच्या आईने उघडलं. आधी कॉफी दिली.

"ती घरी आल्यावर नवव्या दिवशीच गेली, पोरी. हृदय मी वाहिलं."

"पण ती बरी कुठे झाली?"

"बोललेला नवस राहिला तर तिचा जीव भटकेल. मागे राहिलेल्यांनी फेडायचा असतो."

हे मला ठाऊक होतं. लहानपणापासून ठाऊक होतं.

उरलेल्या चौघांची घरं लांब आहेत. माझ्याने होणार नाही.

२४ मे

दाखल झाले. मी गेले तर माझ्या नावाचं हृदय टांगायचं नाही — झेनिल्दाला शपथ घातली. "आणि तुझा जीव भटकला तर, ताई?" भटकू दे. मागून येणारी बाई ते हृदय जगलेल्यांत मोजेल.