खालची सही

४ जानेवारी १९८२
आईचा पासपोर्ट आला! सौंसरच्या आमच्या गल्लीतला पहिलाच. पोस्टमनने चहा घेतल्याशिवाय हातात दिला नाही. नागपूरचे दादाराव आपल्या बौद्ध मंडळींना घेऊन लंकेला चाललेत, माघ पौर्णिमेला अनुराधपूरच्या बोधिवृक्षापाशी. बाबांना जायचं होतं. ते वारले, राहून गेलं. आता आई जाणार.

संध्याकाळी शालिकराम काका मोहगावहून आले. बाबांच्या वाट्याचं तीन एकर त्यांच्या नावावर करायचा कागद घेऊन. पैसे संत्रं विकल्यावर देणार म्हणे. वर्षानुवर्षं ते शेत तेच वाहतात, घरचेच आहेत. मी म्हटलं, लावून टाक ना अंगठा! आई म्हणाली, "लंकेहून आल्यावर लावीन." काका कागद कोनाड्यात ठेवून गेले.

८ जानेवारी
शाळेला दांडी. आईला घेऊन नॅरोगेजच्या छोट्या गाडीने नागपूरला. लंकेत आपले रुपये चालत नाहीत, प्रत्येकाने आपापले डॉलर बँकेतून घ्यायचे, नाही तर नेणार नाही — दादारावांनी बजावलंय. बँकेतल्या साहेबांनी फॉर्म, तिकीट, पासपोर्ट सगळं पाहिलं आणि पासपोर्टवरच्या अंगठ्यापाशी अडले. डॉलर प्रवासी चेकच्या रूपात मिळतात, आणि त्याला सही लागते. अंगठा चालत नाही!

परतीच्या गाडीत आईने पासपोर्ट उघडला आणि तो अंगठा लोधीखेड्यापर्यंत बघत राहिली. मग म्हणाली, "तू चाळीस पोट्ट्यांले शिकवून राहिली. मले काहून नाई शिकवलं?"

लाज वाटली. खरंच वाटली.

९ जानेवारी
य. म. ना. आज सुरुवात.

१३ जानेवारी
"म"ची गाठ सुटत नाही तिची. पण चिकाटी भारी! कणकेच्या परातीत बोटाने "यमुना". चुलीपुढच्या राखेत "यमुना". आज संत्र्याच्या गोदामात तर कहरच. पेट्या भरता भरता खडूने सतरा पेट्यांवर नाव लिहून मोकळी! व्यापारी ओरडला, पण ट्रक तोवर निघून गेला होता. आई लंकेला जायच्या आत तिचं नाव कलकत्त्याला निघालं!

१७ जानेवारी
काका आले होते. आईची पाटी बघून हसले. "सही शिकून का करतं वहिनी? अंगठा झिजला का?" मीही हसले. आईने पाटी पुसून पुन्हा लिहायला घेतलं.

२१ जानेवारी
मिळाले!!

पासपोर्टवर अंगठा म्हणून अर्जावर अंगठाही घेतला आणि सहीही. डबल! मग पाच चेक समोर ठेवले. आईने पदराने तळहात पुसला. पहिल्या सहीला इतका वेळ लावला की मागच्या रांगेतला माणूस बिडी ओढून परत आला. साहेब मात्र चांगले. पेन धरून थांबले.

त्यांनी नीट समजावलं. वरची सही आता, त्यांच्यासमोर. खालची सही तिकडे, आणि तीसुद्धा पैसे समोर ठेवलेले दिसल्यावरच. "आधी केली की गेला तुमचा कागद, आजी. कोणी कितीही गोड बोललं तरी नाही." आईने तीनदा विचारून घेतलं. मला कंटाळा आला. घरी येईपर्यंत ती तेच पुटपुटत होती.

३० जानेवारी
गेली! रामेश्वरमहून बोट आहे. चेक पोलक्यात शिवलेल्या खिशात. घर कसंसंच वाटतंय.

१६ फेब्रुवारी
आली! काळवंडलीय, आवाज बसलाय, पण चेहरा बघावा. बोधिवृक्षाचं गळून पडलेलं एक पान बाबांच्या फोटोला लावलं आणि मग रडली. मीही.

पाचातले दोनच चेक खर्च झाले. कँडीच्या बँकेत काउंटरवरच्या बाईने "सही, सही" करून खूप घाई केली. आई म्हणते, "मी पेन हातातच नाई घेतला. पयले नोटा ठेव म्हटलं, बोटानं दाखवलं." ठेवाव्या लागल्या बाईला!

२१ फेब्रुवारी
काका शाईचा पॅड घेऊन आले. आईने कोनाड्यातला कागद काढला, समोर ठेवला आणि विचारलं, "पैसे कुठी हाय, भाऊजी?"

"आता वहिनी, घरचा व्यवहार आहे, पैसे कुठी पळून चालले?"

"मंग सही बी कुठी पळून नाई चालली. पैसे समोर आले का करीन."

"अंगठा त लाव!"

"अंगठा आता मी लावत नसतो."

काका चहा न घेता गेले. आईने कागद माझ्या हातात दिला. "वाच बरं, पुष्पे."

वाचला. शेवटून तिसऱ्या ओळीत — पूर्ण रक्कम रोख मिळाली, काही बाकी नाही.

दीड महिना तो आमच्याच कोनाड्यात होता. आणि या घरात वाचता येणारी मी एकटीच.