फेट्याचा फ्रॉक

आई, काल नातवानं तुझ्या फोटोसमोर उभं राहून विचारलं, "आजोबा, पणजीचा हात कुठंय?" मी नेहमीचं उत्तर दिलं, "पदराखाली आहे." एवढ्या उत्तरावर घरातली शहाणीसुरती माणसं पस्तीस वर्षं समाधानी होती. हा पाच वर्षांचा. म्हणाला, "का लपवलाय? तिला लागलं होतं का?" मी त्याच्या हातात बिस्किट कोंबलं आणि त्याला वाटेला लावलं. पण रात्रभर तो प्रश्न काही वाटेला लागला नाही, म्हणून आज सकाळी वही घेऊन बसलोय. तुला वाचता येत नव्हतं. म्हणजे तू असतीस तरी हे मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि तेवढी माझी छाती झाली नसती. त्या मानानं हे बरं आहे.

माझ्याआधीचे दोघे राहिले नाहीत, हे मला कळायला लागल्यापासून माहीत होतं. एक सव्वा महिन्यात गेला, एक दात येता येता. मी पोटात असताना तू करमाळ्याच्या कमलाभवानीला बोललीस, की पोरगा झाला आणि जगला तर पाच वर्षं पोरीसारखा वाढवीन, जावळ तुझ्याच दारात काढीन. मी झालो. माझं नाक टोचलंस, केसांना कात्री लावली नाहीस, आणि आप्पांचा लग्नातला गुलाबी फेटा ट्रंकेतून काढून त्याचा चुण्याचुण्यांचा फ्रॉक शिवलास. मी वाढलो तसा त्याच फेट्यातून दुसरा फ्रॉक निघाला, मग तिसरा. लांब होता फेटा. आप्पा मिलमधून आले की लटकं चिडायचे, "फेटा कापलास व्हय गं माजा?" तू बिड्या वळता वळता मान वर न करता म्हणायचीस, "तुमचा मिरवून झाला की एकडाव. आता लेकराला मिरवू द्या." तोच रंग, तेच कापड. आप्पांनी डोक्याला गुंडाळलं तेव्हा वरात थांबून लोकांनी बघितलं असणार, आणि मी अंगात घातलं तर त्याला बायकी म्हणायचं. हे मला आत्ता सुचतंय. तेव्हा सुचलं असतं तर पुढचं बरंच टळलं असतं.

गल्लीतल्या बायका तुला विचारायच्या, पोराला असं का नटवतेस. तू सांगायचीस, "पोरगी हाय आसं वाटलं म्हंजी कोन न्हेत न्हाय. यमालासुदिक पोरगी नगं असती." बायका हसायच्या. तूही हसायचीस. त्यातल्या प्रत्येकीच्या मांडीवर बिडीचं सूप, आणि शेजारी पानं पुसायला बसवलेली एखादी पोरगी. त्या पोरी काय ऐकत होत्या, हे मला माझी मुलगी झाली तेव्हा कळलं. पण तुझ्यावर राग धरावा असं त्यात काही नाही. जगात जो भाव चालू होता त्याच भावानं तू माझा जीव वाचवायला निघाली होतीस.

फोटो काढला तो दिवस मला अजून दिसतो. दुष्काळाचं साल होतं. दुसऱ्या दिवशी एसटीनं करमाळ्याला जायचं होतं, केस जाणार होते, फ्रॉक जाणार होता. तू म्हणालीस, एक आठवण राहू दे. नव्या पेठेतल्या स्टुडिओत तू खुर्चीवर बसलीयस, मी तुझ्या उजव्या बाजूला, दोन वेण्या, लाल रिबिनी, आणि तुझा हात माझ्या डोक्यावर. फोटोवाला म्हणतो, "बाई, मुलीला जरा हसवा की." तू त्याची चूक दुरुस्त करत नाहीस. उलट खूश होतेस, आणि तुझ्या खूश होण्यानं मी हसतो. फोटो काळापांढरा, पण फोटोवाला वर ब्रशनं रंग भरून द्यायचा. तुझं लुगडंही रंगवू का म्हणाला, तर तू म्हणालीस, "माजं ऱ्हाऊ द्या तसंच. फ्रॉक तेवडा गुलाबी करा." आणि कमरेला खोचलेली फेट्याची चिंधी काढून त्याच्या हातात ठेवलीस, ह्योच रंग पायजे म्हणून. त्यानं इमानानं तोच उतरवला. आठ दिवसांनी फोटो भिंतीवर आला. त्यात तू, खुर्ची, पडदा सगळं राखाडी, आणि मधे मी गुलाबी.

सात वर्षं तो तिथंच होता. सातवीत असताना वर्गातला एक मुलगा गणिताची वही मागायला घरी आला. चांगला होता, मला त्याची मैत्री हवी होती. त्याचं लक्ष भिंतीकडे गेलं. "ही कोण रे? तुझी बहीण?" मी हो म्हणणार होतो. जिभेवर आलं होतं. पण तू सुपातून मान वर काढलीस आणि अभिमानानं म्हणालीस, "भन कुटली? ह्योच हाय त्यो!" नाक टोचल्यापासून वेण्यांपर्यंत सगळं सांगितलंस. वर त्याला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाऊ घातलीस. तो चटणी चाटत होता आणि माझ्याकडे बघून हसत होता.

दुसऱ्या दिवशी माझ्या बाकावर गुलाबी खडूनं फ्रॉक काढलेला होता. "काय गं, आज वेणी न्हाय घातली?" "ए बाई, तिकडं पोरींच्या रांगेत बस की." मास्तरांनी चौकशी केली, त्यांना कुणीतरी सांगितलं, आणि तेही हसले. मारलं असतं तर चाललं असतं. असे पंधरा दिवस गेले. चालताना पाय फाकवून टाकायला लागलो, आवाज घोगरा काढायला लागलो, आप्पांच्या वस्तऱ्यानं नसलेल्या मिशा खरवडल्या. नाकाचं भोक बुजलं होतं, पण खूण होती, ती नखानं इतकी खाजवली की तिथं जखम झाली. तू हळद लावलीस आणि विचारलंस, कशानं झालं. मी म्हणालो, "तुझ्यामुळं."

मग तो दिवस. तू वळलेल्या बिड्या द्यायला कारखान्यात गेली होतीस. मी फोटो उतरवला, मागचे खिळे काढले, आणि तेंदूची पानं कापायची तुझीच कात्री घेतली. स्वतःला कापून काढायला फार वेळ लागला नाही. फ्रॉकच्या कडेनं गेलो, मग वेण्या, मग डोकं. डोक्यावर तुझा हात होता. तो सोडवता येईना. तुझी बोटं माझ्या केसांत इतकी रुतलेली होती की कुठून तुझं संपतं आणि कुठून माझं सुरू होतं ते समजेना. मी मनगटावर कात्री चालवली. हे लिहायला मला इतकी पानं लागली.

तू आलीस, दारातच थांबलीस. फ्रेममध्ये तू होतीस आणि शेजारी माझ्या आकाराचं भोक. "तुकडा कुटं हाय?" एवढंच विचारलंस. मी म्हणालो, "जाळला." तू मला थोबाडीत मारलीस. जन्मात एकदाच. मी डिवचलेल्या मांजरासारखा बघत होतो आणि तू स्वतःचाच हात धरून उभी होतीस. "जितं लेकरू जाळलंस व्हय रं? आरं, त्या पोरीच्या वाटनी तर तू जगलास!" मी म्हणालो, "मी पोरगी नाही." संध्याकाळी आप्पांनी जेवायला बोलावलं तर म्हणालीस, "मला न्हाय. आजपासनं मंगळवार धरलाय." कशाचा, हे त्यांनी विचारलं, तू सांगितलं नाहीस. मला न विचारताच कळलं होतं.

आई, मी जाळला नव्हता. तो माझ्या कंपासपेटीत होता, कोनमापकाखाली. तू मारलीस तेव्हा पेटी माझ्या दप्तरात होती आणि दप्तर माझ्या पायाशी. हात घालून काढला असता तर तू जेवली असतीस.

त्यानंतर तू बारा वर्षं मंगळवार केलेस. दिवसभर पाणी, रात्री एक वाटी भगर, आणि त्यावर हजार बिड्या. मी कॉलेजला गेलो, नोकरीला लागलो, तुझे मंगळवार चालूच. मला नुसता ताप आला तरी तू शुक्रवारही धरायचीस. माझ्या लग्नात फोटोवाला सगळ्यांना बोलावत होता तेव्हा तू मांडवामागं जाऊन बसलीस. मी न्यायला आलो तर म्हणालीस, "नगं रं बाबा. फोटूत तुज्याशेजारी हुबं ऱ्हायाचं मला भ्या वाटतंय." मी हसलो. पाहुण्यांना सांगितलं, आमची आई जुन्या वळणाची. तुझ्या शेवटच्या आजारात डॉक्टरांनी पेज द्यायला सांगितली होती आणि तू ओठ मिटून घेतलेस, मंगळवार म्हणून. त्या दिवशी तर मी तुझ्या उशाशीच होतो. सांगायला आणखी कुठली वेळ लागते? तू मात्र हिला जवळ बोलावलंस, जाळलेल्या तुकड्याचं सगळं सांगितलंस. "माज्या माघारी येवडं कर, बाई. त्येचा मंगळवार सोडू नगो." ही तेव्हा लग्न होऊन वर्षभराची. तिनं मान डोलावली.

तू गेल्यावर फोटो हवा म्हणून ट्रंक उपसली, तर तो एकच निघाला. तेराव्याच्या आत मोठा करून हवा होता. स्टुडिओवाल्यानं विचारलं, "उजवा हात मनगटापासून नाही. पदर ओढून देऊ का वरून?" मी म्हटलं, द्या. आलेल्यागेलेल्यांनी फोटोचं कौतुक केलं. ज्या हातानं तू मला भरवलंस, बिड्या वळल्यास, हळद लावलीस तो हात मीच कापला आणि मीच झाकून घेतला.

काल नातू झोपल्यावर मी कंपासपेटी काढली. तुकडा भिंतीवरच्या फोटोला लावून बघितला. बसत नाही. फोटो केवढा मोठा झालाय, आणि मी अंगठ्याएवढाच राहिलोय. केसांतली तुझी चार बोटं तांदळाच्या दाण्याएवढी आहेत. राखाडी पार पिवळं पडलंय, पण गुलाबी तसाच आहे. त्या माणसानं रंग चांगला वापरला होता.

आज मंगळवार. स्वयंपाकघरात ही भगर निवडत बसलीय. तिची साखर वाढलीय, डॉक्टर उपवास नको म्हणतात, आणि ती त्यांना म्हणते, सासूबाईंना शब्द दिलाय. उठून चार पावलं जायचंय आणि एक वाक्य बोलायचंय. त्यासाठी मी दोनदा उठून परत बसलोय. कारण ती लगेच विचारील, जाळला नव्हता तर मग ठेवला कशाला? आणि त्याचं उत्तर मी आजवर कुणाला दिलेलं नाही. सगळ्यांना मी हेच सांगत आलो, की आईनं नवसापायी फ्रॉक जबरदस्तीनं घातला होता. तुझ्यावर ढकलून मी पुरुष झालो.

तुला करमाळ्याचं देऊळ आठवतं ना. जावळ झालं, तू मला नवी चड्डी-सदरा घालायला लागलीस, आणि मी गडाबडा लोळलो. तू सगळ्यांना सांगितलंस, डोक्याला वस्तरा लागला म्हणून रडतंय. तू माझ्यासाठी तेवढं खोटं बोललीस. वस्तरा लागला नव्हता, आई. मला फ्रॉक काढायचा नव्हता.