वारुळाच्या पोटातलं झाड

११ जुलै ९८, शनवार
निमी काल आली. औरंगाबादहून परतूरपर्यंत रेल्वे, मंग वाटूरपर्यंत जीप, पुढं पायी. माझी नात, बबनची थोरली. चित्रकलेच्या कॉलेजात शेवटच्या सालाला हाय. पोरगी वाळली, पण हात कसे दणकट झाले. आज तोडलेल्या बाभळीचा ओंडका घेतला, त्याला काळी शाई फासली, वरून कागद ठेवला अन् चमच्यानं घासत बसली. मला बी घासू दिलं. कागद उचलला तर बाभळीच्या समद्या कड्या कागदावर! माझ्याकडचा भाग फिका आला तरी फाडला न्हाई, भिंतीला लावला. सूनबाई म्हणली, आत्याबाय, भाकरीचं कसं. म्हणलं होईल ते बी.

१४ जुलै, मंगळवार
निमीला रिकामं वारूळ पाह्यजे होतं. बांधावरचं बाया पंचमीला पुजतेत, ते न्हाई म्हणलं. वढ्याजवळचं जुनं दावलं, त्याला कोणी जात न्हाई. मोडका हात बांधतेत ते पांढरं प्लास्टर पाण्यात कालवून बादलीनं वरून वतलं. वारूळ पितच राह्यलं. पोटात किती जागा असंल! म्हणते, आतून घट्ट झालं की भवतालची माती धुवायची, मंग आतली पोकळी तेवढी उभी राहते. परीक्षेला तेच मांडणार. असली मूर्ती मी तर ऐकली बी नव्हती. पोकळीची मूर्ती. लई हसू आलं. बबन बाजाराला गेल्ता, बरं झालं.

१६ जुलै, गुरवार
नामदेव भावजी आल्ते, माझे धाकटे दीर. च्याला हात लावला न्हाई. म्हणले, "वहिनी, वारूळ तुम्ही दावलं का?" व्हय म्हणलं.
पेरणीच्या आधी त्यायनी सोताच्या डोळ्यानं त्याच वारुळात लांबडं जनावर शिरताना पाह्यलं व्हतं. अन् त्यायची सून सविता भरल्या दिवसांची. पोटुशी घरात असताना जनावर मारायचं न्हाई, हे शेंबडं पोर बी सांगंल. निमी म्हणली, मी मारलं न्हाई ओ आजोबा. ते म्हणले, "बुजवलं ना? मारलं काय अन् बुजवलं काय."
निमीचं तोंड प्लास्टरावानी पांढरं. बबन दोघींना बी बोलला. मला तर जास्तच.

२० जुलै, सोमवार
त्यायच्या घरून कोणी येईना. विहिरीवर भावजींची बायको माझ्याकडं पाठ करून पाणी शेंदते. निमी म्हणते आत्ताच खणून दावते, आत काय हाय ते दिसंल. भावजी म्हणले, पंचमीपर्यंत कुदळ लावायची न्हाई, बिलकुल न्हाई. कॉलेजातून पुढल्या म्हैन्याची ३ तारीख दिलेली हाय, त्या दिवशी काम पोचलं न्हाई तर साल गेलं.
सविताला पाहून आले. जेवत न्हाई. माझा हात धरून म्हणली, मोठ्या आत्याबाय, त्याचा आत दम कोंडत असंल का वो? म्हणलं, जनावराला दहा वाटा असतेत. तिला पटलं न्हाई. मला बी...
रात्री निमीला इचारलं, खरं सांग, असंल का आत? ती म्हणली, वतायच्या आधी काठीनं टोचून पाह्यलं व्हतं, आज्जी. पण काठी काय तळाला पोचली न्हाई.

२८ जुलै, पंचमी
आज चिरणं न्हाई, तवा न्हाई. पुरणाची दिंडं उकडली. बाया लाह्या-दूध घेऊन बांधावरच्या वारुळाला गेल्या, अन् मंग, कोणी म्हणलं न्हाई तरी, समद्या खाली वढ्याकडं निघाल्या. मी बी मागं. सविता वारुळाम्होरं कशीबशी बसली, हळद-कुंकू वाह्यलं, वाटीतलं दूध त्याच्या तोंडावर वतलं. दूध आत जाईना. पांढऱ्यावर पांढरं साचून राह्यलं, मंग बाजूनं वघळलं. समद्या बायांनी पाह्यलं. एकेक करून माघारी वळल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

२९ जुलै, बुधवार
खणलं. भावजी सविताला घेऊन बघाया आल्ते. बबननं भवतालून माती काढली, निमीनं घागरीनं धुतलं. अन् काय सांगू, झाड! फांद्याला फांद्या, गाठी, आल्याच्या कांड्यावानी कप्पे. कोणाच्या बी ध्यानात न्हाई असं मातीत उभं व्हतं. भीती घटकाभर विसरले मी.
पण बुडाला एक फांदी मनगटाएवढी जाड, गुळगुळीत, वळत वळत खाली गेलेली. निमी म्हणली उंदराचं बीळ. भावजी म्हणले, "फोड."
फोडली तर आत काय ते कळंल, पण काम गेलं. न फोडली तर सविताच्या मनातलं जायचं न्हाई. निमीनं हातोडी उचलली. म्हणली, "आजोबा, काम मरू द्या. काकीच्या जीवापुढं त्याचं काय एवढं."
तवा सविताच म्हणली, "नका फोडू. असलाच आत, तर मला आत्ता पाह्यचा न्हाई. मी मोकळी झाले की मंग फोडा."
भावजी सुनेकडं पाहतच राह्यले. ती सासऱ्याम्होरं एवढं कधी बोलली न्हाई.
चौघांनी उचलून आमच्या वसरीत आणलं. निमीनं सविताला शबूद दिला, तू सांगशील तवर हे हितून हालणार न्हाई.

२ ऑगस्ट, ऐतवार
पहाटं सविताला कळा लागल्या. जीपनं परतूरला नेलं. नवरा, सासू, भावजी, समदे गेले. उद्या ३ तारीख. निमीनं भरलेली पिशवी परत सोडली. बबन म्हणला टेम्पो सांगू का, तर म्हणली, सविता काकीला शबूद दिलाय, ती सांगंल तवाच.
दुपार कलली. पाऊस भुरभुर. वसरीत मी अन् निमी, मधी ते पांढरं झाड. निमी त्याच्या वरच्या फांद्यायचं चित्र काढून राह्यली, बुडाकडं पाहत न्हाई. हातोडी म्या माझ्या मांडीवर घेऊन ठेवलीय. कशाला घेतली, देव जाणे.
एवढं सुंदर काम माझ्या नातीच्या हातचं, अन् मला त्याच्याकडं धड पाहवंना.
जीप आली. पारापाशी थांबली. भावजी एकटेच उतरले. घराकडं न्हाई, हिकडंच येऊन राह्यले. पाय झपाझप उचलतेत का वढत येतेत कळंना, माझी नजर अधू. निमी उठून उभी राह्यली.