सातव्या पाळण्याची पिन

प्रिय मामा,

१. तुम्ही बागेत चालवायचात त्या आकाशपाळण्यातल्या सातव्या पाळण्याचं दार अडकवणारी पिन मी आठवण म्हणून घरी नेली. मी आठ वर्षांची होते आणि त्या बागेवर माझा फार जीव होता.

२. दुसऱ्या दिवशी त्याच पाळण्यातून एक बाई पडली. बाग कायमची बंद झाली.

३. "पिन लावायला मीच विसरलो," असं तुम्ही सांगितलंत. तुमची नोकरी गेली.

आता मी यंत्रं तपासते. काल जुन्या डबीत ती पिन सापडली आणि ती कशासाठी होती ते पहिल्यांदा कळलं. तिच्यावर साताचा आकडा कोरलाय. अपघाताच्या संध्याकाळी माझा खिसा चाचपून तुम्ही म्हणाला होतात, "ठमे, हे खेळणं कुणाला दाखवू नकोस हं." तुम्हाला माहीत होतं ना?

कालपासून लिहिलेली आधीची दोन पत्रं न पाठवता ड्रॉवरमध्येच आहेत, कारण तुमच्या 'हो'ची भीती वाटते. तरीही शनिवारपर्यंत कळवा.

तुमची,
ठमी