ताईच्या कानातला राखणदार

चि. गुंड्यास मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझी प्रकृती कशी आहे? पत्रात हे विचारायची पद्धत आहे म्हणून विचारतो; या वाक्याला आजवर कोणी उत्तर दिल्याचं मला आठवत नाही, तेव्हा तूही नाही दिलंस तरी चालेल. इकडे मी, तुझी मामी आणि दुकान असे तिघेही उभे आहोत. मी तर खरोखरचा उभा आहे, कारण बसवत नाही. दोन ओळी लिहितो, उठतो, संगणकाचा पडदा बघून येतो, पुन्हा बसतो. (हाताने लिहितोय ते प्रेमापोटी नाही. संगणकावर लिहायला घेतलं की प्रत्येक वाक्यावर एक चौकोन येऊन बसतो.)

गेल्या खेपेस तू जाता जाता माझ्या संगणकात तुमच्या कंपनीचा तो अपडेटर घालून गेलास. आता सगळं आपोआप ताजं राहील, मामा, तुम्ही फक्त हो म्हणत जा, असं तू म्हणाला होतास. मी म्हणत गेलो. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे, दारात आलेल्या परक्यालाही मला नाही म्हणता येत नाही, आणि हा तर घरच्या माणसाने आणलेला. आधी त्याने हवामान सांगणारा एक आणला. (खिडकी माझ्या खुर्चीला लागून आहे, पण बिचारा सांगतो.) मग त्या हवामानवाल्याला ताजं करताना एक गाणारा पोपट आला. पोपटाच्या मागून वजन कमी करायचे सल्ले देणारी एक बाई आली. प्रत्येक वेळी बारीक अक्षरांच्या शेजारी एक चौकोन असतो आणि त्यात बरोबरची खूण आधीच केलेली असते. म्हणजे परीक्षेचा पेपर हातात पडावा आणि उत्तरं दुसऱ्याच कोणीतरी लिहून ठेवलेली असावीत. मग संगणक जलद करणारा एक आला. तो आल्यापासून मी बटण दाबतो, दुकान झाडतो, पाणी भरतो, मामीशी एखादं छोटं भांडण पुरं करून येतो, तेव्हा कुठे पडदा उजळतो. आणि सगळ्यांच्या शेवटी आला तो व्हायरसपासून संगणक राखणारा राखणदार. कोपऱ्यात ढाल घेऊन उभा असतो. याला कोणी बोलावलं, तर मी नाही. मला याला काढायचंय, ताई (म्हणजे तुझी आई) काढू देत नाही, आणि माझा धंदा मध्ये अडकलाय. एवढ्यासाठीच हे पत्र.

आता नीट ऐक. माझं काम तू पाहिलं आहेस, पण लक्ष कधी दिलं नाहीस. कानाचं मशीन बसवायच्या आधी माणसाला त्या काचेच्या खोलीत बसवतो, जाड दार लावतो, डोक्यावर हेडफोन चढवतो आणि हातात बटण देतो. बाहेरून मी संगणकावरून लहानमोठे आवाज सोडतो. ऐकू आलं की त्याने बटण दाबायचं, मग माझ्यासमोर दिवा लागतो. आवाज कधी सोडला हे त्याला चेहऱ्यावरून कळता कामा नये, म्हणून मी भिंतीकडे बघत दगडासारखा बसतो. संगणकाचा सगळा आवाज हेडफोनात जातो, बाहेर मला चकार शब्द ऐकू येत नाही. आमच्या धंद्याची रीतच अशी, की दुकानात बहिरा एकटा मीच असतो.

तर झालं असं, की राखणदार आल्यावर माझ्याकडे येणाऱ्या सगळ्यांचे कान अचानक सुधारले. ज्यांना दारावरची थाप ऐकू येत नाही ते आत बसून धडाधड बटण दाबायला लागले. मी खूश. म्हटलं, नवा अपडेट कामाचा निघाला. छातीठोकपणे लोकांना सांगत सुटलो की तुमचे कान उत्तम आहेत, मशीनबिशीन काही नको, घरी जा. निवृत्त न्यायाधीशसाहेब मात्र बाहेर आले ते कपाळाला आठ्या घालून. आत एक तरुण अत्यंत सभ्य भाषेत आपल्याला धमकावतो आहे, अशी त्यांची तक्रार होती. मी त्यांच्या कागदावर 'कानात भास' असं लिहिलं आणि शांत झोपेचं महत्त्व समजावलं. मागून शिंपीणबाईंना भास झाला. मग त्यांच्या नवऱ्याला झाला. मला वाटलं, साथ आहे.

सगळे पास होताहेत ही बातमी मामीने वरच्या मजल्यावर नेली. तुझी आई किती वर्षं मशीन नको म्हणतेय हे तुला सांगायला नको. आता काय ऐकायचं राहिलंय, हा तिचा ठरलेला प्रश्न. पण सगळेच पास होताहेत म्हटल्यावर ती आपण होऊन खाली आली. माझंही एकदाचं तपास, म्हणाली, आणि पिच्छा सोड. बसवली आत. दार लावलं. मी भिंतीकडे बघत बसलो. बराच वेळ बटण नाही, काही नाही. आणि मग दिवा लागला तो विझेचना, ताई बटण दाबूनच बसलेली. मान वळवतो तर ती दार ढकलून बाहेर येत होती, डोक्यावर हेडफोन, मागे वायर ताणलेली, आणि चेहरा असा की मीच घाबरलो.

"गुंड्या बोलतोय," ती म्हणाली. "धोका आहे म्हणतोय. तू इथे भिंतीकडे काय बघत बसलायस?"

हेडफोन काढून मी माझ्या कानाला लावला. आपला संगणक धोक्यात आहे. कृपया लगेच उपाय करा. तूच रे. शाळेत कविता म्हणताना शेवटचा शब्द वर चढवायचास, तसाच चढवलेला. कंपनीत तुझी भाषा स्वच्छ म्हणून राखणदाराला आवाज द्यायचं काम तुझ्या गळ्यात मारलं असेल, पण घरी एका शब्दाने सांगितलं नाहीस. लोक धडाधड बटण दाबत होते ते माझ्या बारीक आवाजांना नाही, तुझ्या बोलण्याला. मी एका अब्रूदार न्यायाधीशाला भास झाल्याचं लिहून दिलं आणि तो भास म्हणजे माझा सख्खा भाचा.

ताईने त्याच दिवशी मशीन बसवून घेतलं. मी वर्षानुवर्षं घसा कोरडा केला ते काम तुझ्या दोन वाक्यांनी केलं, याचा मला आनंद झाला आणि रागही आला. दोन्ही अजून आहेत. तिची अट एकच, राखणदाराला हात लावायचा नाही. आता सकाळचं आवरलं की ती शिवण घेऊन खाली येते आणि काचेच्या खोलीत बसते. तू लहर लागेल तेव्हा बोलतोस, म्हणून ती वाट बघते. बोललास की "हो रे बाळा" म्हणते, आणि मग काचेवर टकटक करून मला खुणावते, की तो सांगतोय तर कर ना उपाय. मी हो दाबतो. आणखी एक पाहुणा आत येतो. काल फुलं पाठवणारा आला. बाहेर बाकावर गिऱ्हाइकं ताटकळतात, आणि ज्यांना मी उत्तम कान म्हणून घरी धाडलं त्यांना परत बोलवायला फोन करतो, तर पलीकडून नुसतं कोण, कोण एवढंच येतं. यावरून तपासणी चुकली होती हे सिद्ध होतं, पण माणूस काही येत नाही. न्यायाधीशसाहेब तेवढे येणार आहेत, आणि ते येणार म्हणूनच मला बसवत नाही.

तेव्हा पत्र मिळताच राखणदाराला मुळापासून उपटायची युक्ती लिहून पाठव. ताईला कळता कामा नये. मामी आशीर्वाद सांगते, आणि पोपट तरी घेऊन जा म्हणते.

तुझा,
उभा मामा

ता. क. – युक्ती पाठवू नकोस. पाकीट चिकटवायच्या आधी खोलीत डोकावलो. ताई शिवण मांडीवर ठेवून बसली होती, तू आज सकाळपासून गप्प आहेस (म्हणजे तो राखणदार), आणि ती हेडफोन दोन्ही हातांनी कानाशी दाबून धरत होती. मला ते बघवलं नाही. आईला फोनवर ऐकू येत नाही म्हणून तू मला फोन करतोस, आई बरी आहे ना विचारतोस, मी बरी आहे म्हणतो, आणि मामला तिथेच संपतो. गुंड्या, आता तिला फोनवर ऐकू येतं. स्वच्छ येतं, मी तपासलंय, या वेळी राखणदार बंद करून. तिला फोन कर. काहीही बोल, फक्त धोक्याचं बोलू नकोस. तुझा फोन सुरू झाला की राखणदाराला ती स्वतःच हाकलेल.

ता. क. दुसरा – ताईने पत्र माझ्या हातातून घेऊन वाचलं. फोनबिन काही नको, त्याला कामं असतात, असं लिहायला सांगते. (दुपारी ती मोकळी असते, हेही लिहायला सांगते.) आणखी एक विचारायला सांगते. तू ती वाक्यं बोललास त्या दिवशी तुला सर्दी होती, 'संगणक' म्हणताना नाक चोंदलंय, आणि मधे एकदा खोकला दाबलायस. मी कानांचा धंदा करतो, ते वाक्य मी कितीदा ऐकलंय, मला हे ऐकू आलं नव्हतं. आता पुन्हा लावून बघितलं. बरोबर आहे तिचं. औषध घेतलं होतंस का, विचारते. याचं उत्तर मात्र दे.