गोळी आणि चहा यांच्यामधला तास

मंगळवार, ता. १७

पाच वीसला जाग आली. साडेपाचला गोळी घेतली. दूधवाला येऊन गेला. चहाला अजून तास आहे.

ती. ताई,

नमस्कार. तुमचे गुडघे जिने चढू देतात का? दादांनी खोकल्याचं औषध सुरू केलं, की अजून बाटलीकडे बघूनच खोकताहेत? मी बरा आहे. किती बरा, ते पुढे लिहितो.

मागच्या पत्रात तुम्ही लिहिलंत की तुमच्या बहिणीमागे मी फार मनाला लावून घेतलं आहे. त्याबद्दल एक खुलासा करायचा राहिला आहे. ती गेल्यावर मला रात्री झोप लागेना आणि दिवसा सुटेना. पावलं जड, आवाज जड, भर उन्हात अंगात स्वेटर. दाराची बेल वाजली तर उठून उघडेपर्यंत माणूस निघून गेलेला असे. सगळे म्हणाले, दुःख आहे, वेळ जाऊ द्या. मलाही तसंच वाटलं. शेजारच्या काकूंनी तर त्यांच्या नवऱ्याला माझ्यादेखत सुनावलं, "बघा, याला म्हणतात जीव असणं. नाहीतर तुम्ही! मी गेले की आधी रिमोट शोधाल." (काकांचं लक्ष नव्हतं. ते रिमोट शोधत होते.)

माझी नोकरी तुम्हाला माहीत आहे, दुकानांतले वजनकाटे तपासून शिक्का मारायचा. तीन महिन्यांपूर्वी एका धान्याच्या दुकानात पोती मोजायच्या मोठ्या काट्यावर जरा टेकलो आणि तिथेच झोपलो. डोळे उघडले तर दुकानदार आणि दोन गिऱ्हाइकं आकड्याकडे बघत उभी. दुकानदार म्हणाला, "साहेब, एक्क्याऐंशी. गेल्या वर्षी तुम्हीच उभं राहून बघितलं होतंत, तेव्हा त्र्याहत्तर होतं." मी म्हणालो, तुमचा काटा चुकतोय. तो म्हणाला, "शिक्का तुमचाच आहे." मी पेटीतून सरकारी वजनं काढली आणि काटा पुन्हा तपासला. पन्नास ग्रॅमचासुद्धा फरक नव्हता. घरी दोन घास गिळवत नव्हते आणि मी आठ किलो वाढलो होतो. ताई, बायको गेलेल्या माणसाने वाळायला हवं. आठ किलो वाढलेल्याने कुठल्या तोंडाने लोकांचं सांत्वन घ्यायचं? म्हणून डॉक्टरकडे गेलो.

डॉक्टरबाई तरुण आहेत. "काका, थायरॉइडची गोळी रोज घेता ना?" मी म्हणालो, चौदा वर्षं. "किती वाजता?" ते मला माहीतच नव्हतं. कारण ती मी स्वतःहून कधी घेतलीच नव्हती. पहाटे साडेपाचला ती मला हलवायची, तळहातावर गोळी ठेवायची, मग पेला. मी गिळून परत झोपायचो. (उपाशीपोटी घ्यायची आणि तासभर काही खायचं-प्यायचं नाही, हा नियमही मला आत्ता कळला. मला वाटायचं, आमच्याकडे चहा साडेसहाला होतो, एवढंच.) चौदा वर्षं मी डोळे न उघडता हात पुढे केला. ती अशी दोन दिवसांत गेली, त्यानंतर हात पुढे करायला कोणी सांगितलं नाही, आणि माझ्या ते लक्षातही आलं नाही. घरी येऊन शोधलं तर बाटली तिच्या शिवणाच्या डब्यात निघाली. रक्ताच्या तपासणीत जो आकडा पाचच्या आत हवा, तो माझा बासष्ट आला; सुस्ती, थंडी, वजन, सगळं गोळी सुटल्याचं.

शेजारी सांगणं भाग होतं. काकूंचा चेहरा पडला. "म्हणजे ते दुःख नव्हतं?" काका मात्र त्या दिवशी प्रथमच माझ्याकडे बघून हसले.

काकूंचा प्रश्न मी घरी घेऊन आलो. खरं सांगतो, नवी बाटली आणल्यावर दोन दिवस मी गोळी घेतली नाही. वाटलं, महिन्या-दोन महिन्यांत सगळंच उतरून गेलं तर? मग तिच्यासाठी माझ्याजवळ होतं काय? तिसऱ्या दिवशी वाटलं, तिने चौदा वर्षं दिलेली गोळी तिच्याच नावाने टाळायची, हे काही बरं नाही. घेतली.

काल नवा रिपोर्ट आला. आकडा तीन. वजन पाच किलो उतरलं (त्याच काट्यावर). स्वेटर कपाटात गेला, आवाज परत आला, दुकानांत झोप लागत नाही. डॉक्टरबाई खूश होत्या. मी सांगितलं, तरी पहाटे साडेपाचच्या आधीच जाग येते, परत डोळा लागत नाही, आणि उठून काही करावंसं वाटत नाही. त्यांनी कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. म्हणाल्या, "काका, हे यातलं नाही."

तेव्हा तुमचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. उरलं आहे ते माझंच आहे. तपासून घेतलं आहे.

दादांना नमस्कार.

तुमच्या धाकट्या बहिणीचा नवरा

ता. क. माझी काळजी करू नका. हे पत्र फक्त खुलाशासाठी लिहिलं आहे.

दुसरा ता. क. हे खरं नाही. एक विचारायचं होतं. गोळी देताना ती रोज काहीतरी म्हणायची. चार-पाच शब्दच असावेत. मी कधी पुरता जागा नव्हतो, त्यामुळे ते मला माहीत नाहीत. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तुम्ही महिनाभर आमच्या बाहेरच्या खोलीत होतात, मधलं दार उघडं असायचं, आणि दुखण्याने तुम्हाला पहाटे झोप नसायची. तुमच्या कानावर पडलं असेल. काय म्हणायची ते आठवलं तर कळवा.

तिसरा ता. क. शिवी असली तरी चालेल. गाळू नका.

साडेसहा झाले. चहाला एक कप पाणी मोजून ठेवतो.