उजव्या पायाचा ब्रेक

प्रिय धाकट्या,

साडेतीन ओळी. मी मोजल्या. चौदा महिन्यांनी सख्ख्या बहिणीला चिठ्ठी पाठवायची ती साडेतीन ओळींची, आणि त्यातही काय, तर गाडी विकून टाक, मला विचारत बसू नकोस. पाय कसा आहे, जेवतोस काय, नव्या खोलीत ऊन येतं का, एक अक्षर नाही. दुकानातल्या गिऱ्हाइकाशी मी याहून जास्त बोलते, आणि गिऱ्हाइकांशी मी कशी बोलते ते तुला ठाऊक आहे. फोन करावा तर तू तीनदा बरं म्हणतोस आणि ठेवून देतोस. म्हणून लिहायला बसले. चौथीत शाळा सुटलेली, हात सुईला सरावलाय, पेनाला नाही, तेव्हा अक्षराला हसू नकोस. पण कागद मध्येच कट करता येत नाही, एवढं बरं आहे. शनिवारी गिऱ्हाईक गाडी न्यायला येतंय, त्याच्या आत मला तुझ्याकडून एक उत्तर हवंय. शेवटपर्यंत वाच.

गिऱ्हाईक म्हणजे एक दातांचा डॉक्टर. हात पाठीमागे बांधून गाडीभोवती चार फेऱ्या मारल्या, जणू गाडीच चावणार होती. ओरखड्यांचं त्याला काही नाही, ते तो रंगवून घेणार. पण टाकीवर बोट फिरवून मला म्हणतो कसा, बाई, इटलीची गाडी ही, हिला जशी आली तशी ठेवायला हवी होती, लोक उगाच काय काय लावून वाट लावतात. म्हणजे तू चार वर्षं शोधून शोधून मागवलेलं त्याला काहीच नको. बुटकं हँडल नको, तो बोंबलणारा सायलेन्सर नको (त्याबद्दल मी गप्प बसले, तो मलाही कधी नको होता), हँडलच्या टोकांचे आरसे नकोत, मागे सरकवलेले फूटरेस्ट नकोत. आणि सीटही नको म्हणे. माझी सीट! मी म्हटलं, डॉक्टर, तिची मूळची सीट म्हणजे पाट आहे पाट, तासभर बसून या आणि मग दातांचं सोडून कमरेचं बोला. तर नुसता हसला. त्याला सगळं कंपनीचंच लावून हवंय. ते सगळं तू रेक्झिनच्या तुकड्यांत गुंडाळून माझ्या कापायच्या टेबलाखाली खोक्यात भरून ठेवलंयस, हे मला आठवत होतं, कारण त्या खोक्यावर माझा अंगठा महिन्यातून एकदा तरी आपटतो. म्हणून मिस्त्रीला बोलावलं.

गाडी दुकानात आहे हे तुला माहीत आहे, कशी आहे ते नाही. अपघातानंतर टेम्पोतून उतरवली तशी ताडपत्रीखाली उभी. तुझे भावोजी तिला घरजावई म्हणतात. काम काही नाही, मधली जागा अडवून बसलाय, आणि कोणी काही बोलायचं नाही. तिच्यापायी माझं शिलाईचं मशीन, खिडकीच्या कट्ट्याला घट्ट टेकलेलं होतं, ते भिंतीला गेलं, आणि आता डुगडुगतंय ते वेगळंच. एका पायाखाली रेक्झिनची घडी कोंबून काम चालवलंय. भावोजी म्हणाले फरशी तिकडे उंचसखल आहे, मीही तेच धरून चालले.

मिस्त्री परवा सकाळी आला आणि एकेक भाग काढून जमिनीवर मांडायला लागला. मी एका स्कूटरच्या सीटच्या कडेला पाइपिंग लावत होते, पण लक्ष कुठलं लागतंय. तो काढत होता आणि मला ते लावलेले दिवस दिसत होते. हँडल लावलंस तेव्हा एक रविवार जेवला नाहीस. सायलेन्सर लावून पहिल्यांदा सुरू केलीस तेव्हा समोरची म्हातारी कप हातात घेऊन रस्त्यावर आली. मी तुला काय काय बोलले तेही आठवलं. असली गाडी आपल्यासारख्यांनी घ्यायची असते का, हिचा आरसा फुटला तरी साता समुद्रांपलीकडून यायची वाट बघायची. पण सीट तू दुसऱ्या कोणाकडे नेली नाहीस. तुला स्टुलावर फोम ठेवून बसवलं होतं, आठवतं? मी पातं घेऊन कापत होते आणि तू मान वळवून वळवून सांगत होतास, पुढून अजून थोडं, ताई, अजून थोडं. मी म्हटलं हलू नकोस, नाहीतर तुझ्याच मांडीचा काप निघेल. तीन दिवस लागले. लाल दोरा, दुहेरी टाका, मधे कुठे गाठ नाही. पहिली चक्कर मारून आलास आणि उतरतच नव्हतास. मी वरवर भांडत होते, पण मला त्या दिवशी गाडी आवडली होती. आता लिहिते, तोंडाने कधी म्हणाले नसते.

मग मिस्त्री उजव्या फूटरेस्टपाशी आला आणि त्याचे हात थांबले. हा माणूस एरवी नाकात गुणगुणत काम करतो, तेही थांबलं. मला म्हणाला, ताई, इकडे या जरा. फूटरेस्टची पट्टी वाकून फिरलेली आहे, ती दोन बोल्टांवर असते. एक जागच्या जागी, दुसरा मधोमध तुटलेला. अर्धा गाडीत राहिलेला, आणि त्याचं डोकं वाकलेल्या पट्टीत अडकून बसलेलं, चौदा महिने. ते त्याने पकडीने ओढून माझ्या तळहातावर ठेवलं. म्हणाला, हा गाडीचा नाही आणि या फूटरेस्टच्या सेटबरोबर आलेलाही नाही. आटे जुळले म्हणून कोणीतरी बसवलाय, पण लोखंड मऊ आहे, पायाचा जोर कसा झेलणार. वरून काळा रंग होता. मी नखाने खरवडला, तर खाली हिरवा.

आता घरात हिरवा रंग कशाला आहे सांग बघू. तुझ्या खिडकीला लावून उरला, तो मी मशीनच्या स्टँडला फासला होता. तू हसला होतास, म्हणे ताई, पोपट शिवायला बसलाय. मी उठले, मशीनपाशी गुडघे टेकले, रेक्झिनची घडी ओढून काढली आणि आत हात घातला. चारातले तीन बोल्ट. चौथ्याच्या जागी भोक.

चोरा! सेटमधला बोल्ट हरवला तर दुकानातून आणायचा, की बहिणीच्या मशीनचा काढून त्यावर काळा रंग मारायचा? आणि मला काय सांगितलंस? पुलाच्या उतारावर कुत्रं आडवं आलं. चौदा महिने मी गल्लीतल्या कुत्र्यांवर दात धरून आहे. त्या पांढऱ्याला तर मी चप्पल मारली, ज्याने जन्मात पूल बघितला नसेल. मिस्त्री म्हणतो ब्रेकवर पूर्ण जोर दिलास तेव्हाच बोल्ट तुटला असणार, ब्रेकसकट पट्टी फिरली, पाय खाली गेला, आणि तू पडलास तेव्हाच तुला कळलं असणार. कळलंच होतं ना? म्हणून दुकानाची पायरी चढला नाहीस. म्हणून गाव बदललंस, टेबलखुर्चीची नोकरी धरलीस, आणि आता गाडीच विकून टाक म्हणतोस, म्हणजे कोणी ती खोलून बघायच्या आत ती जाईल. अरे, पण डॉक्टरला मूळचे भाग हवेत हे तुझ्या हिशेबात नव्हतं.

मी काय केलं माहीत आहे? फोमच्या गुंडाळीवर बसले आणि हसायला लागले. मिस्त्री बिचारा घाबरला, चहा आणतो म्हणून बाहेर सटकला. तो परत आला तेव्हा मी रडत होते, तर कप ठेवून पुन्हा बाहेर. हे सगळं झाल्यावर त्यानेच गोष्ट काढली. तुझा घोटा हाडांच्या डॉक्टरांनी पट्टी घालून पक्का केलाय, तो वाकत नाही, म्हणून मागचा ब्रेक दाबता येत नाही, एवढंच ना, असं त्याने विचारलं. म्हणाला, त्यालाही भाग मिळतो. डाव्या मुठीपाशी छोटा दांडा, अंगठ्याने दाबला की मागचा ब्रेक लागतो. त्याने दोन माणसांना बसवून दिलाय, दोघंही रोज फिरतात. पायाने मग नुसतं टेकून बसायचं. सीटचं मी बघेन. उजवीकडे फोम दोन बोटं वाढवला की तुझा गुडघा मोकळा राहील आणि घोट्यावर भार येणार नाही. माप मात्र स्टुलावर बसवूनच घ्यावं लागेल, टपालाने माप घेता येत नाही.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते. अपघाताच्या सकाळी तू वर भावोजींबरोबर चहा पीत होतास, तेव्हा मी खाली तुझी सीट पुसत होते. रेक्झिन चमकवायचं पॉलिश. सीट झाली, फडकं ओलं होतं, आणि पुढच्या चाकातली ती ब्रेकची गोल चकती मला मळकट वाटली. तीही घासली. मागचीही. आरशासारख्या केल्या, आणि तू निघालास तेव्हा दारात उभी राहून बघत होते, कशी चमकतेय म्हणून. पाऊण तासाने फोन आला. पुढच्या आठवड्यात दुकानात एक पोरगेला माणूस दुसऱ्याला सांगत होता, ब्रेकच्या डिस्कला चुकूनही पॉलिश लावू नये, ब्रेक धरत नाही. माझ्या हातात सुई होती, ती कुठे गेली मला कळलं नाही. बाटली फेकली. कोणाला बोलले नाही, भावोजींनाही नाही. तू फोनवर बरं म्हणून ठेवायचास तेव्हा वाटायचं, याला कळलंय, आणि हा मला माफ करत नाहीये. परवा मिस्त्रीला दुसऱ्या कोणाचं तरी सांगते असं दाखवून विचारलं. त्याने ब्रेकचे पॅड काढले, अंगठ्याने घासले आणि अंगठा मला दाखवला. कोरडा. म्हणाला, पॉलिश पहिल्या एकदोन ब्रेकांतच जळून जातं, आणि जळलं नसतं तर गाडी पहिल्या सिग्नललाच थांबली नसती. पुलापर्यंत सहा सिग्नल आहेत, धाकट्या. मी दुसऱ्या दिवशी तेवढं चालत जाऊन मोजून आले. सहा. सहाही ठिकाणी तू थांबला असशील. पुलाच्या कठड्यापाशी उभी राहिले आणि माझा जीव भांड्यात पडला. घरी येऊन दुपारी तीन तास झोपले, भावोजींनी दोनदा श्वास चालू आहे का बघितलं. तुझ्या त्या बोल्टचा मला राग आहे, पण असा राग मला झेपतो, तो मी तोंडावर काढू शकते. मशीनला नवा बोल्ट घातलेला नाही. ज्याने काढला त्यानेच येऊन लावायचा. कंपनीचे भाग आणि तुझे, दोन्ही दुकानात उघडे पडलेत, मिस्त्री पाना हातात धरून बसलाय, आणि डॉक्टरला मी सांगितलंय की शुक्रवारी सकाळी कळवते. तेव्हा गुरुवारी संध्याकाळी सहाच्या आत दुकानात फोन कर आणि सांग, गाडीला भाग कुठले लावायचे, डॉक्टरचे की तुझे. आणि ‘बरं’ हे उत्तर मी धरणार नाही.

तुझीच, डुगडुगत्या मशीनवर बसलेली,
ताई